जिना एकच

घरातील जिन्याला चढणे आणि उतरणे यांतील भेद ठाऊक नसतो. सकाळी ज्या पायऱ्यांवरून माणूस खाली उतरून कामाला जातो, त्याच पायऱ्यांवरून तो सायंकाळी वर येतो. चढण किंवा उतरण पायऱ्यांत नसते. ती चालणाऱ्याच्या पावलांत असते. विहिरीवरच्या रहाटाचेही तसेच. त्याच्यावरून रिकामी बादली खाली जाते आणि भरलेली वर येते. चाक तेच आणि दोरही तोच. माणसाने घडवलेल्या अनेक वस्तू अशा दोन्ही वाटांनी चालणाऱ्या असतात. परंतु माणूस त्यांना एका कामाचे नाव देऊन मोकळा होतो आणि हळूहळू त्यांचे दुसरे काम विसरून जातो. एरवी या विसरण्याने फारसे बिघडत नाही. विजेच्या बाबतीत मात्र ते एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

गावाच्या वेशीजवळ दोन खांबांच्या आधाराने बसवलेली करड्या रंगाची लोखंडी पेटी बहुतेकांनी पाहिलेली असते. पुस्तकात तिचे नाव रोहित्र. इंग्रजीत तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. गावकरी मात्र तिला ‘डीपी’ म्हणूनच ओळखतात. तिच्या पोटात तेल भरलेले असते आणि या तेलातील उष्णता पेटीच्या कडांना लावलेल्या पत्र्यांवाटे किंवा नळ्यांवाटे हवेत निघून जाते. भर दुपारी सारे गाव सामसूम असले, म्हणजे तिची अखंड गुणगुण स्पष्ट ऐकू येते. वरच्या तीन तारांनी ११,००० व्होल्ट दाबाची वीज या पेटीत येते आणि खालच्या तारांनी ती सुमारे २४० व्होल्ट दाबाने घरोघर जाते. एवढ्या मोठ्या दाबाची वीज घरात आली, तर दिवा लागण्याऐवजी घरच पेटेल. म्हणून ही पेटी तिला वेशीवर थांबवते, तिचा जोर उतरवते आणि मगच गावात सोडते. ‘दाब उतरवणारे रोहित्र’ हे तिचे नाव त्यामुळेच पडले. हे नाव खरे आहे. पण ते अर्धेच खरे आहे.

पेटीच्या आत डोकावता आले, तर तेथे फिरणारे एकही चाक दिसणार नाही. तेथे असतो लोखंडाचा एक गाभा. पातळ पत्रे एकावर एक रचून तो केलेला असतो. त्याच्याभोवती तारेची वेटोळी गुंडाळलेली असतात. काहींची तार बारीक आणि वेढे पुष्कळ. काहींची तार जाड आणि वेढे थोडे. बारीक तारेचे वेटोळे आणि जाड तारेचे वेटोळे एकमेकांना कोठेही जोडलेले नसते. तरीही एकात सोडलेली वीज दुसऱ्यातून बाहेर पडते. मधल्या वाटेने ती जाते तरी कशी?

तारेतून वीज वाहू लागली, की तिच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते. तार लोखंडावर गुंडाळली असेल, तर ते लोखंडही चुंबक बनते. हे चुंबकत्व वाढत किंवा घटत असताना त्याच लोखंडावरच्या दुसऱ्या वेटोळ्यात विजेचा रेटा उत्पन्न होतो. चुंबकत्व स्थिर राहिले, की दुसरे वेटोळे गप्प बसते. म्हणजे येथे सारे महत्त्व बदलाला आहे. आपल्या घरी येणारी वीज सारखी दिशा बदलत असते. एका सेकंदात ५० वेळा तिची ये-जा होते आणि तिच्याबरोबर गाभ्यातील चुंबकत्वही उलटसुलट होते. या ओढाताणीत गाभ्याचे पत्रे प्रत्येक सेकंदाला शंभर वेळा अगदी सूक्ष्म प्रमाणात थरथरतात. दुपारच्या शांततेत ऐकू येणारी गुणगुण ती हीच.

हे रहस्य हाती लागण्याचा मान मायकेल फॅरडे याचा. तो एका लोहाराचा मुलगा. शिक्षण बेताचे, लहानपणी त्याने पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केली. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत काम करीत असताना, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, त्याने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एक त्याने बॅटरीला जोडले. दुसऱ्या वेटोळ्याची तार एका चुंबकसूचीवरून नेली. बॅटरी जोडताच सूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी तोडताच ती पुन्हा हलली. या वेळी उलट दिशेने. ते कडे त्या संस्थेत आजही जपून ठेवलेले आहे. त्या कड्याला उजवी आणि डावी बाजू आहे; परंतु देणारी बाजू कोणती आणि घेणारी कोणती, हे त्यावर कोठेही लिहिलेले नाही. ज्या बाजूला बॅटरी जोडावी, ती देणारी होते. जगातील सारी रोहित्रे या कड्याचे वंशज आहेत आणि हा गुण त्या सर्वांनी घेतला आहे.

आता थोडा हिशेब पाहावा. एका लहान रोहित्रात एका बाजूला २,३०० वेढे आणि दुसऱ्या बाजूला १२० वेढे आहेत, असे समजू. जास्त वेढ्यांच्या बाजूला २३० व्होल्टांची वीज दिली, तर कमी वेढ्यांच्या बाजूला १२ व्होल्ट मिळतात. जितके वेढे तितका दाब, असा हा सरळ व्यवहार आहे. आता हेच रोहित्र उलटे जोडले आणि कमी वेढ्यांच्या बाजूला १२ व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज दिली, तर दुसऱ्या बाजूने किती व्होल्ट बाहेर पडतील? हिशेब सांगतो, २३०. दाब उतरवणारे रोहित्र दाब चढवू लागले. त्यातील एक वेढाही बदलावा लागला नाही.

हे ऐकून कोणाला वाटेल, की १२ देऊन २३० मिळवण्याची ही युक्ती म्हणजे फुकटची कमाईच आहे. पण निसर्गाच्या दुकानात उधारी चालत नाही. दाब ज्या प्रमाणात वाढतो, त्याच प्रमाणात प्रवाह घटतो. १२ व्होल्टांच्या बाजूने ५ अँपिअर प्रवाह आत गेला, तर २३० व्होल्टांच्या बाजूने पाव अँपिअरच्या आसपासच प्रवाह बाहेर येतो. दोन्हीकडचा गुणाकार ६० वॉट एवढाच राहतो. उलट गाभा आणि तारा तापण्यात त्यातून थोडी घटच होते. रुपयाची मोड घेतली, तर नाणी वाढतात, धन वाढत नाही. दाब आणि प्रवाह यांचेही तसेच आहे.

मग दाब चढवण्याची खटपट करावी तरी कशाला? तिचे कारण लांबच्या प्रवासात आहे. वीज तारेतून जाताना तार तापवते आणि त्यात काही वीज वाया जाते. ही नासाडी प्रवाहावर अवलंबून असते; प्रवाह निम्मा केला, तर नासाडी चौथाई होते आणि प्रवाह दहावा हिस्सा केला, तर ती शंभरावा हिस्सा होते. म्हणून शहाणा वाटसरू जसा दूरच्या प्रवासाला निघताना ओझे कमी करतो, तसा विजेचाही प्रवाह कमी करावा लागतो. आणि तेवढेच सामर्थ्य पोचवायचे, तर दाब वाढवावा लागतो.

१८८६ साली अमेरिकेतील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावात विल्यम स्टॅन्ली याने मुख्य रस्त्यावरील दुकानांना आणि कचेऱ्यांना रोहित्रांच्या साहाय्याने वीज पुरवली. तारांतून येणारा ५०० व्होल्टांचा दाब ती रोहित्रे १०० व्होल्टांवर उतरवीत. पुढे १८९१ साली जर्मनीत याहून मोठे साहस घडले. लाउफेन या गावी नेकार नदीच्या पाण्यावर जनित्र फिरत होते. त्याचा दाब अवघा ५५ व्होल्टांच्या आसपास. तेथील रोहित्रांनी तो सुमारे १५,००० व्होल्टांपर्यंत चढवला. मग ही वीज जवळजवळ १७५ किलोमीटर अंतर तोडून फ्रँकफुर्ट शहरातील प्रदर्शनात पोचली. तेथे दुसऱ्या रोहित्रांनी तिचा दाब उतरवला. त्या विजेवर हजार दिवे लागले आणि एक कृत्रिम धबधबा कोसळू लागला. दूरच्या नदीतील पाण्याचा जोर तारेतून आला आणि प्रेक्षकांसमोर पुन्हा पाण्याच्याच रूपाने प्रकट झाला. वाटेच्या दोन्ही टोकांना रोहित्रेच होती. एका टोकाची चढवणारी, दुसऱ्या टोकाची उतरवणारी.

महाराष्ट्रालाही हे दृश्य लवकरच पाहायला मिळाले. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधून सह्याद्रीचा पाऊस अडवण्यात आला. ते पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडण्यात आले आणि १९१५ साली तेथील वीजघर सुरू झाले. घाट उतरून आलेल्या पाण्याने जनित्रे फिरवली. तेथे तयार झालेल्या विजेचा दाब रोहित्रांनी १,००,००० व्होल्टांपर्यंत चढवला आणि ती मुंबईला परळपर्यंत नेण्यात आली. तेथे दाब उतरवून ती गिरण्यांना देण्यात आली. पाणी डोंगरावरून उतरले, विजेचा दाब चढला आणि गिरणीच्या दारात पुन्हा उतरला.

चढण्या-उतरण्याची ही दोन्ही कामे एकच रोहित्र करताना पाहायचे असेल, तर खोपोलीला जाण्याची गरज नाही. अनेक घरांत कोपऱ्यात इन्व्हर्टर ठेवलेला असतो. त्याच्या बॅटरीत १२ व्होल्टांची वीज साठवलेली असते. ती एकाच दिशेने वाहणारी असल्यामुळे रोहित्राच्या उपयोगाची नसते. म्हणून यंत्रातील इलेक्ट्रॉनिक खटके तिला सारखी उलटसुलट करतात आणि कमी वेढ्यांच्या वेटोळ्यात सोडतात. दुसऱ्या वेटोळ्यातून घरच्या दिव्यांना पुरेसा दाब मिळतो. बाहेरची वीज परत आली, म्हणजे अशा अनेक यंत्रांत तेच रोहित्र दिशा बदलते. बाहेरचा दाब उतरवून ते बॅटरी भरू लागते. संध्याकाळी जो देतो, तोच रात्री घेतो.

जिना एकच असला, तरी त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १२ व्होल्टांच्या बाजूने १२ व्होल्टच सोसायचे असतात. त्या बाजूला चुकून २३० व्होल्ट दिले, तर कागदावरचा हिशेब दुसऱ्या टोकाला ४,४०० व्होल्ट दाखवील. प्रत्यक्षात त्याआधीच लोखंडाची चुंबक होण्याची शक्ती संपेल, प्रवाह बेसुमार वाढेल आणि वेटोळे जळून जाईल. नुसती बॅटरी जोडली, तर फॅरडेच्या सूचीसारखा एकच धक्का मिळेल आणि मग तार नुसतीच तापत राहील. शिवाय लहान रोहित्र उलटे जोडले, तर २३० व्होल्ट पुरते मिळतही नाहीत. वाटेतली घट भरून निघावी म्हणून कारागीर १२ व्होल्टांच्या बाजूला काही वेढे मुद्दाम जास्त देतो. वाट उलटी झाली, की तीच सढळता उणी पडते. तरीही जेवढा दाब मिळतो, तेवढाही माणसाचा प्राण घ्यायला पुरेसा असतो. एका वाटेने निरुपद्रवी असलेली वस्तू दुसऱ्या वाटेने प्राणघातक ठरते. म्हणून हे हिशेब मुलांनी वहीत करावेत. तारा हाती घेऊन ते करून पाहू नयेत.

आता पुन्हा वेशीवरच्या पेटीकडे वळावे. पावसाळ्यातील एखाद्या रात्री वादळ होते, झाड कोसळते आणि तार तुटते. सारे गाव अंधारात बुडते. एका घरात परीक्षा जवळ आलेली असते. मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून घरधनी लहान जनित्र आणतो, दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घेतो आणि जनित्राची वीज सरळ भिंतीवरच्या सॉकेटात सोडतो. घरात दिवे लागतात. मुले पुस्तके उघडतात. घरधन्याच्या मनात कोणाविषयीही वाईट नसते. परंतु बाहेरून येणाऱ्या विजेचा मुख्य खटका बंद करायचे तो विसरलेला असतो. घरात येण्याचा जो रस्ता, तोच बाहेर जाण्याचा. त्याच्या जनित्राची वीज घरातून खांबावर आणि खांबावरून वेशीवरच्या रोहित्रात जाते. तेथे ती कमी वेढ्यांच्या बाजूने शिरते. रोहित्राला तिचा उद्देश विचारता येत नाही. ते आपला जुना हिशेब करते आणि वरच्या तारांवर सुमारे १०,००० व्होल्टांचा दाब उभा करते.

पुष्कळदा साऱ्या गावाचा भार एकदम अंगावर पडून ते बिचारे जनित्र बंद पडते. परंतु भार थोडा असला, तर ते चालूही राहू शकते. आणि त्याच वेळी दूर शेतात, चिखल तुडवत गेलेला वायरमन तुटलेली तार जोडायला खांबावर चढत असतो. वीजकेंद्राने आपल्या बाजूने वीज बंद केली आहे, हे त्याला ठाऊक असते. तार निर्जीव आहे, असे सर्वांनाच वाटत असते. एका घरातील अभ्यासाचा दिवा आणि एका माणसाचे प्राण यांच्यामध्ये त्या वेळी उभी असते ती केवळ एक न फिरवलेली कळ.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. जनित्र वापरणाऱ्या घरात दुहेरी खटका बसवावा. तो एका वेळी एकीकडेच वळू शकतो. बाहेरची वीज किंवा जनित्राची वीज, दोन्ही एकदम कधीच नाही. हल्ली अनेक छपरांवर सौर पट्ट्या दिसतात. दुपारी ऊन कडक असते आणि घरात विजेची गरज थोडी असते. तेव्हा उरलेली वीज तारांवर जाते आणि गावालाही ती उरली, तर वेशीवरच्या रोहित्रातून उलटी चढून पुढच्या गावांकडे निघते. ही उलटी वाट मात्र परवानगीने आणि शिस्तीने चाललेली असते. तारांवरची वीज गेली, की सौर यंत्र ते ओळखते आणि आपला पुरवठा आपणच थांबवते. उलट्या वाटेत वाईट काहीच नाही. त्या वाटेने कोण जात आहे, हे पलीकडच्याला ठाऊक नसणे, एवढेच वाईट.

अनुभवी वायरमन हे पुरते ओळखून असतो. वीजकेंद्राचा निरोप आला, तरी तो तारेला एकदम हात लावीत नाही. आधी तो खांबावरचा खटका उघडतो आणि तो कोणी पुन्हा लावू नये म्हणून कुलूप घालतो. मग वीज वाहू न देणाऱ्या लांब दांड्याने तारेत दाब आहे की नाही, हे तपासतो. त्यानंतर तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडतो, म्हणजे चुकून वीज आलीच, तर ती माणसाला सोडून सरळ भूमीत जाईल. आणि हे तो एकाच बाजूला करीत नाही. काम करायच्या जागेच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा, अशी दोनदा तो तार जमिनीला बांधतो. वीज वीजकेंद्राकडूनच येईल, असे तो धरून चालत नाही. गावाच्या बाजूनेही ती येऊ शकते, हे त्याने मनाशी बांधलेले असते. एवढे झाले, म्हणजे तो कामाला हात घालतो.

काम संपले, की तो खाली उतरतो. आपली माणसे आणि हत्यारे तारांपासून दूर आहेत, हे पाहतो. मग दोन्ही बाजूंची जोडणी सोडतो, कुलूप काढतो आणि वीजकेंद्राला निरोप धाडतो. थोड्याच वेळात वेशीवरची पेटी पुन्हा गुणगुणू लागते आणि गावात एकामागून एक दिवे लागतात. घराघरांत कोणी तरी म्हणते, “आली बरे का!” आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. त्या वेळी वायरमन भिजलेल्या अंगाने, बांधाबांधाने घराकडे निघालेला असतो.